घराचीही नाडी तपासा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. दोन्हींत माणूस मेटाकुटीला येतो, हे खरे. पण लग्नानंतर जसा संसार असतो, तसा वास्तुशांतीनंतर घराचाही एक संसार असतो आणि तिकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. पाहुणे जेवून गेले की पुढे घराने आपले आपण उभे राहावे, अशी आपली अपेक्षा. दिवाळीला भिंतींना रंग दिला की वर्षाची डागडुजी संपली. रंग म्हणजे घराची पावडर झाली, तब्येतीचा त्याच्याशी संबंध नाही.

आरोग्याच्या सदरात घरदुरुस्ती कशाला, असे काही वाचकांना वाटेल. रुग्ण आला की ताप केव्हापासून, जेवण कसे, हे मी विचारतोच. पण घर कसे आहे, पाणी कशात साठवता, झोपता कुठे, हेही विचारतो. विंचू चावलेले मूल, पत्र्यात करंट उतरून चटका बसलेली बाई, न्हाणीत घसरून खुब्याचे हाड मोडलेली आजी, एकाच घरातले डेंग्यूचे तिघे रुग्ण, यांची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. ती घरातच सापडतात, आणि बहुतेक वेळा अर्ध्या दिवसाच्या कामाने टळण्यासारखी असतात. आज अशाच काही कामांविषयी.

डोक्यावरचे ओझे

छपरापासून सुरुवात करू. आपल्या किनवटकडे जंगल जवळ, पाऊस मराठवाड्याच्या मानाने बरा. त्यामुळे इकडे कवेलूची आणि आता टिनपत्र्यांची व स्लॅबची घरे जास्त. पण लोहा, कंधार, मुखेडकडे आणि तिथून पुढे लातूरच्या बाजूला गेले की माळवद अजून दिसते. लाकडी तुळया, त्यावर कडीपाट, वर मातीचा थर आणि बाजूला दोन-अडीच हात जाडीच्या दगडी भिंती. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की जीव थंड होतो. ज्याने हे घर शोधून काढले त्याला मी वेड्यात काढणार नाही.

चूक देखभालीच्या पद्धतीत आहे. माळवद गळू नये म्हणून दर वर्षी रोहिणीच्या आधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात. जुना थर मात्र कोणी काढत नाही. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांनी, वडिलांच्या मातीवर मुलाने. वर्षाला एक इंच म्हटले तरी बारा वर्षांत फूटभर जाडी वाढते. एक घनफूट कोरडी माती साधारण ४५ किलो भरते. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे १२० घनफूट, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन. पावसात भिजली की त्याहून जास्त. एवढे वजन खाली झोपलेल्या लेकरांच्या छातीवर टांगलेले आहे, हे घरातल्या कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागातला कोणीही विसरणार नाही. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावे पार जमीनदोस्त झाली आणि सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचे माप होते साधारण सव्वासहा. तेवढ्या धक्क्याने एवढी माणसे का गेली, याचा तज्ज्ञांनी पुढे पुष्कळ अभ्यास केला. उत्तर घरांत सापडले. मातीत रचलेल्या त्या जाड दगडी भिंती खरे तर दुहेरी होत्या. आतला एक थर, बाहेरचा एक थर आणि मधे गोटे-मातीची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार लांब दगड फारसे नव्हतेच. धक्का बसताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि वरून वर्षानुवर्षे साठलेली माती कोसळली. अनेक ठिकाणी लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि माणसे त्याच्या पायाशी दगडमातीखाली गेली.

त्यानंतर जी घरे उभी होती त्यांच्यासाठी जे उपाय सुचवले गेले, ते आजही लागू आहेत. माळवदावरची जादा माती उतरवून थर पातळ करणे, पाणी अडवण्यासाठी मातीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालणे, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार बंधदगड बसवणे, खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी आधार देणे. यातले पहिले काम घरची माणसे टोपले-फावडे घेऊन करू शकतात. बाकीच्यांसाठी जाणता गवंडी किंवा इंजिनिअर लागेल. तो खर्च करावा. नवी माती टाकायचीच असेल तर आधी तेवढीच जुनी खरवडून काढावी, हा नियम घरात करून टाका.

भूकंप किल्लारीला झाला, आपल्याकडे काय होणार, असे म्हणायची सोय आता राहिलेली नाही. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ मापाचे धक्के बसले आणि नांदेडपर्यंत भांडी वाजली. सुदैवाने मोठे काही झाले नाही.

तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते ते टोक वर्षातून एकदा तरी पाहा. ओल आणि वाळवी दोघीही तिथूनच सुरुवात करतात. पेचकस टोचून पाहावा. लाकडात सहज शिरला तर तुळई पोकळ झाली आहे. भिंतीला पोट सुटले आहे का तेही बघा. माणसाचे पोट सुटले तर मी त्याला वर्षभर समजावत बसतो, कारण तेवढा वेळ असतो. भिंतीचे पोट सुटले असेल तर त्या खोलीत आज रात्रीपासून झोपू नका.

पत्र्याच्या घरांचे दुखणे वेगळे. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. वळवाचे वादळ आले की पत्रा उडतो आणि दगड मात्र खाली येतो, तोही खाटेवर. पत्र्याला हुक आणि रबरी वायसर घालून नटबोल्ट आवळून घ्यावेत, सैल झालेले दर वर्षी बदलावेत आणि दगड काढून टाकावेत. कवेलूवाल्यांना हे सांगावे लागत नाही, कारण वानरेच त्यांच्याकडून दर वर्षी कवेलू फेरून घेतात.

पत्र्याचा दुसरा धोका विजेचा. खांबावरून घरात येणारी वायर पत्र्याच्या कडेला घासत राहते, वरचे आवरण सोलते आणि पहिल्या पावसात सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. त्याच पत्र्याला लोखंडी तार बांधून आपण ओले कपडे वाळत घालतो. दर पावसाळ्यात अशा तारेला चिकटून माणसे जातात, आणि बहुधा एकाला सोडवायला गेलेला दुसराही जातो. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरा. वायर पत्र्यापासून वेगळी, नळीतून घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता. ज्यांना जमेल त्यांनी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. मीटरजवळ बसवून घ्यावा; करंट शरीरातून जायला लागताच तो क्षणात वीज तोडतो. कोणाला करंट लागलाच तर आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या काठीने त्याला बाजूला करा, हात लावू नका. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला शंभर-एकशेवीस वेळा दाबत राहा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

भिंतीच्या भेगा

भेगांना आपण घराच्या सुरकुत्या समजून सोडून देतो. पण त्या भेगांत कोणीतरी राहत असते.

पहिला लाल विंचू. दिवसा भेगेत, दगडाखाली किंवा गोवऱ्यांच्या ढिगात असतो आणि रात्री बाहेर येतो. मोठ्या माणसाची बहुतेक वेळा नुसत्या वेदना होऊन सुटका होते, पण विष हृदयावर जाण्याचा धोका लहान मुलांत जास्त. दरदरून घाम, ओकाऱ्या, थंडगार हातपाय, मग छातीत पाणी. या विषावर प्राझोसिन हे साधे रक्तदाबाचे औषध उपयोगी पडते, हे महाडसारख्या गावी राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात जगाला दाखवले. 'लॅन्सेट'ने ते छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे बावस्कर आपल्या मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. आता औषध आहे, प्रतिविषही मिळते. तरी मंत्र-तोडग्यात दोन तास घालवून आणलेले मूल वाचवताना आमचा घाम निघतो.

दुसरा भाडेकरू त्याहून लहान. वाळूमाशी किंवा सँडफ्लाय. डासापेक्षा बारीक, रंगाने मातकट, उडण्यापेक्षा उड्या मारणारी. मातीच्या भिंतींच्या ओलसर, अंधाऱ्या भेगा, गोठा आणि शेणाची जागा तिला आवडते. तिच्यामार्फत चांदीपुरा विषाणू पसरतो. नाव नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून पडले. १९६५ साली तिथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो प्रथम सापडला. बरीच वर्षे त्याला कोणी फार महत्त्व दिले नाही. २००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली. महाराष्ट्रातही रुग्ण निघाले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले. सकाळी खेळणारे मूल, दुपारी सणकून ताप, संध्याकाळी झटके आणि बेशुद्धी, इतका हा आजार वेगवान. त्याला नेमके औषध नाही, लसही नाही. तेलंगणाची हद्द आपल्या उंबरठ्याशी आहे हे लक्षात घ्या.

औषध नाही तर काय करायचे? भेगा बुजवायच्या. ही माशी फार उंच उडत नाही, त्यामुळे जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंतची भिंत गुळगुळीत लिंपलेली असली तरी मोठा उपयोग होतो. सिमेंटच घालावे असे नाही. शेणामातीचा पोतेरा नुसता वरवर न फिरवता भेगेत माती दाबून भरली तरी चालते. गोठ्याची भिंतही यात आली. झोपायच्या खोलीला लागून शेणाचा उकिरडा नको. मूल मच्छरदाणीत झोपवावे. मात्र ही माशी बारीक असल्याने जाळी घट्ट विणीची हवी.

तिसरा म्हणजे मण्यार. हा भेगेत राहत नाही, उंदरांच्या बिळांत राहतो आणि रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशा माणसाला पित्त झाले म्हणून घरी ठेवू नये, प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात तातडीने न्यावे. घरातली बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बंद करावीत. सरपणाचा ढीग भिंतीला टेकून नको. चार दगडांवर फळ्या टाकून, घरापासून दहा-बारा हात लांब रचावा. बायकांना लांबून लाकडे आणावी लागतात म्हणून पुरुष मंडळी हे मान्य करत नाहीत असे नाही. ती रचायचा कंटाळा करतात, एवढेच.

कूलर, टाकी आणि शोषखड्डा

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे सर्वांना पाठ झाले आहे. पाळतात थोडे. पण जे पाळतात त्यांच्याकडूनही एक गोष्ट राहते. या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. पाणी नुसते ओतून दिले तर अंडी तिथेच राहतात आणि कोरडी असूनही कित्येक महिने टिकतात. रांजण, हौद, पिंप आतून ब्रशने खसखसून घासल्याशिवाय तो कोरडा दिवस नव्हे.

कूलरचे तर विचारूच नका. जून लागला की आपण तो तसाच जिन्याखाली ढकलतो. तळाशी गाळ, कडेला अंडी. पुढच्या मार्चमध्ये पाणी भरले की पावसाळा नसतानाही डास तयार. कूलर ठेवून देण्यापूर्वी टाकी घासून, उन्हात वाळवून, गवत काढून टाकून ठेवावी. दर मोसमात त्याची वायर व पंपही तपासून घ्या. चालू कूलरमध्ये पाणी भरू नये हे सांगायला नको, तरी सांगतो.

स्लॅबवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण आज संध्याकाळी वर जाऊन पाहा. निम्म्या घरांत ते तडकलेले, वाऱ्याने उडालेले किंवा वानरांनी काढलेले असते. आत मेलेली पाल, कबुतराचे पीस असे काय काय असते ते मी इथे लिहीत नाही. तीन-चार महिन्यांतून एकदा टाकी रिकामी करून घासावी. साठवलेले पाणी शुद्ध करायला हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगले ब्लिचिंग पावडर पुरते, म्हणजे चहाचा सुमारे पाऊण चमचा. थोड्या पाण्यात कालवावे, चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि तासभर ते पाणी वापरू नये. डबा उघडा राहिलेले, वास गेलेले पावडर निरुपयोगी. आणि हे पावडर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरिन वायू फुप्फुसे भाजून काढतो. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असेल तर मात्र ना ब्लिचिंगने भागते ना उकळण्याने; आपल्या आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांत ही तक्रार आहे. तिथे पाणी तपासून घेणे हाच मार्ग.

सांडपाण्याच्या बाबतीत आपल्याला दूर पाहायची गरज नाही. शेजारच्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारे बंद केली आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळवले. पुढे हाच प्रयोग जिल्हाभर नेला गेला आणि नांदेड पॅटर्न म्हणून राज्यात ओळखला गेला. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती खाली मोठे दगड आणि वर बारीक खडी, मग झाकण. न्हाणी-मोरीचे पाणी त्यात मुरते. पण खड्डा घेतला म्हणजे काम संपले, असे समजून बसलेली घरे मी पाहतो. मधल्या टाकीत राख, अन्नाचे कण, साबणाचा मळ साठतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी उपसला नाही तर पाणी मुरणे थांबते, अंगणात डबके होते आणि डास परत येतात. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवली तर उपसायचे काम निम्मे होते.

उरलेली दोन कामे थोडक्यात. गॅसच्या नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षे झाली की ती बदला, वरून ठणठणीत दिसली तरी. गळती साबणाच्या फेसाने तपासावी, काडी ओढून नव्हे. गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून वास आला की दारे-खिडक्या उघडा आणि दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीच करू नका. तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. दुसरे न्हाणीचे. शेवाळलेली फरशी ब्लिचिंगने घासावी, भिंतीला हाताला धरायला एक मजबूत दांडी बसवावी, रात्री वाटेत एक दिवा राहू द्यावा. म्हातारपणी खुबा मोडला की अंथरुण धरले जाते आणि पुष्कळांचे पुढे उठणे होत नाही.

एका वाचकाने विचारले आहे की संडासची टाकी भरली आहे, शेजारचा माणूस आत उतरून साफ करायला तयार आहे, तर काही औषध आधी टाकावे काय? त्यांना आणि सर्वांनाच सांगतो, माणूस आत उतरवू नका. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. दोन श्वासांत माणूस खाली पडतो, त्याला काढायला गेलेलाही पडतो. कोणतेही औषध टाकून ती टाकी सुरक्षित होत नाही. २०१३ च्या कायद्याने असे काम करून घेणे गुन्हा आहे. मैला उपसणारी गाडी मागवावी. दर दोन-तीन वर्षांनी मागवत राहिले तर टाकी तुंबण्याची वेळच येत नाही. ज्यांच्याकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे त्यांनी पहिला भरल्यावर चेंबरमधून वाट दुसऱ्याकडे वळवावी आणि पहिला किमान दीड वर्ष बंद ठेवावा. नंतर त्यातला मैला खतासारखा कोरडा निघतो. शेवटी त्या टाकीवरचा हवेचा पाइप. त्याच्या तोंडाला बारीक जाळी किंवा नुसते नायलॉनचे कापड बांधा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो आणि त्याच पाइपातून बाहेर पडतो. आपल्या जिल्ह्यात हत्तीरोग जुना आहे, आणि ते कापड पावसाळ्यात कुजते, म्हणून दिवाळीच्या साफसफाईत ते बदलायचे लक्षात ठेवा.